मॅनेजर काढून टाका म्हणणाऱ्यांसाठी

वाडेकरी: काल इथे एकाने लिहिलं, "मॅनेजर म्हणजे वरचा मेल खाली ढकलणारा माणूस. हे पदच काढा, टीम आपोआप चालते." वाचून राहवलं नाही. गूगलने 2002 साली हेच केलं, इंजिनिअरांवरचे मॅनेजर काढले. लोक खर्चाच्या बिलांपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळं घेऊन थेट कंपनीचा संस्थापक लॅरी पेजकडे जायला लागले. काही महिन्यांत प्रयोग गुंडाळला. पुढे गूगलनेच चांगल्या मॅनेजरचे आठ गुण शोधले. पहिला, माणसं घडवणं. तांत्रिक ज्ञान आठवं!

प्रेसशॉप: गूगलचं चाकणला सांगू नका. आमच्याकडे प्लॅनिंगला आलेल्या साहेबाच्या शीटमध्ये डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बदलायला वीस मिनिटं. डाय चढवून, सेट करून, पहिला पीस क्वालिटीने पास करेपर्यंत दीड तास जातो. टार्गेट हुकलं की बोलणी आम्ही खायची. श्रीधरन यांनी रोह्यापासून मंगळूरपर्यंत कोकण रेल्वे उभी केली, ते स्वतः इंजिनिअर होते.

तळकोकणी: कोकण रेल्वेचं नाव काढलंत म्हणून विचारतो. गणपतीच्या रजेचं काय? आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, मिनिटांत वेटिंग लागतं. आणि आमचे साहेब चतुर्थी आठवड्यावर आली तरी "बघू".

वाडेकरी: हा विषय वेगळा आहे.

तळकोकणी: वेगळा कसा? पोरं घेऊन रात्रभर एसटीत उभं राहून गेलोय मी.

शिफ्टताई: मी मॅनेजर आहे. निम्मी टीम कोकणातली. सगळ्यांना सोडलं तर डिस्पॅच कोण करणार? दर वर्षी घाटावरच्यांनीच का थांबायचं? त्यांनी आषाढीला रजा मागितली की हेच लोक कुरकुरतात.

तळकोकणी: तुमच्याकडे गणपती बसत नसेल, म्हणून बोलताय.

शिफ्टताई: घरापर्यंत जाऊ नका. बसतो, आणि गेली काही वर्षं आरतीला मी कंपनीत असते.

तळकोकणी: बरं, ते वाक्य मागे घेतो. रजेचं नाही.

प्रेसशॉप: आमचे जुने सुपरवायझर जूनमध्येच फळ्यावर खडूने नावं लिहायचे. गणपतीला कोकणवाले गेले की दिवाळीत तेच थांबणार. ज्याला भांडायचंय त्याने तिथेच, सगळ्यांसमोर भांडायचं. एकदा नाव चढलं की साहेब आले तरी पुसलं जायचं नाही.

वाडेकरी: अहो, मग मी दुसरं काय म्हणतोय? हेच मॅनेजरचं काम!

प्रेसशॉप: असेल. पण ते प्रेसवर हात काळे करून वर आले होते, म्हणून पोरं ऐकायची. तुमच्या आठव्या नंबरला मी मानत नाही.

तळकोकणी: ताई, जूनमध्ये फळा लावायला काय हरकत आहे?

शिफ्टताई: सप्टेंबरच्या ऑर्डरींचा आकडा मला वरून ऑगस्टमध्ये मिळतो. त्याआधी सही केली आणि ऑर्डर वाढली, तर तुमची रजा रद्द करायला मलाच लावतात. तरी यंदा निम्म्या जागा जूनमध्येच पक्क्या करते. उरलेल्यांना "नाही" म्हणायचं तेही तेव्हाच सांगेन. मग शिव्या घालू नका.