मे महिन्यात समुद्रपण हवा आणि नवीन देशपण, श्रीलंका की व्हिएतनाम? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आमच्याकडे मे महिना म्हणजे समुद्र, हे ठरलेलंच आहे. दिवेआगर, गुहागर, तारकर्ली, फार तर गोवा. नवऱ्याच्या मते सुट्टी म्हणजे काहीही न करणं, मुलं (वय ९ आणि ५) पाण्यातून बाहेर यायला तयार नसतात आणि साबा (सासूबाई) खुर्ची टाकून लाटा बघत निवांत बसतात. मलाही आवडतं हो, नाही असं नाही, पण दोन दिवस झाले की माझे पाय वळवळायला लागतात. लग्नाआधी भरपूर भटकलेय, वाचता न येणाऱ्या पाट्या, तिथले बाजार, लोकल बसचे धक्के हे सगळं मला परत हवंय. पण त्यासाठी सगळ्यांना रोज सकाळी सातला उठवून म्युझियम दाखवत फिरवायचं नाहीये, तसली ट्रिप कुणालाच झेपणार नाही आणि भांडणं होतील ती वेगळीच.

म्हणून डोक्यात असं आहे की बीचवरच मुक्काम टाकायचा पण नव्या देशात, म्हणजे ही मंडळी पाण्यात आणि मी अधूनमधून सटकणार. रजा जेमतेम आठवडाभर. साबा शुद्ध शाकाहारी, गुडघे दुखतात. श्रीलंकेत बेंतोटा किंवा मिरिसा बघतेय, गॉलचा किल्ला तिथून जवळ पडतो. नाहीतर व्हिएतनामचं दा नांग. जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.

खारेवारे: मे मध्ये बेंतोटा-मिरिसा नको! तिकडे नैर्ऋत्य मोसमी पाऊस आपल्यापेक्षा जरा आधीच पोचतो, समुद्र खवळलेला असतो, लाल बावटा लागला की मुलं रूममध्ये आणि तुम्ही त्यांच्या तावडीत. त्याच वेळी पूर्व किनारा मात्र शांत असतो. त्रिंकोमालीजवळ निलावेली बघा, नाहीतर पासिकुडा, तिथे कितीतरी आत गेलं तरी पाणी कमरेएवढंच, पाच वर्षांच्या मुलाला अजून काय पाहिजे. त्रिंकोमालीत कड्यावर कोणेश्वराचं देऊळ आहे, साबा खूश. जेवणात डाळ, भात, इडिअप्पम (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया) मिळतं पण नारळाच्या चटणीत सुक्या माशाचा चुरा असतो बरेचदा, आधी विचारा.

पायाला_भिंगरी: माझं मत दा नांग. बीच शहरातच आहे, मे मध्ये ऊन कडक पण समुद्र चांगला. होई आन साधारण ३० किमी, जुनं बंदर, संध्याकाळी कंदील लागतात, तुम्ही एकट्या अर्ध्या दिवसात जाऊन येऊ शकता. आणि 'मी सोन' या ठिकाणी जाच, चंपा राज्याच्या राजांनी बांधलेली शिवमंदिरं आहेत, २०२० साली आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांना डागडुजी करताना तिथे नवव्या शतकातलं शिवलिंग सापडलं होतं. खाण्याचं मात्र बघा, फिश सॉस कशातही असतो, 'चाय' (म्हणजे शाकाहारी) लिहिलेली हॉटेलं शोधायची, चहाची नाहीत ती 😄 आणि दिवाळीत जाऊ नका, ऑक्टोबर-नोव्हेंबरात होई आनमध्ये पुराचं पाणी शिरतं.

धागाकर्ती: खारेवारे, वाचवलंत! मी बेंतोटाचं हॉटेल बुक करणारच होते. साबांचं खाणं आणि मुंबई-कोलंबो अडीच-तीन तासांची फ्लाइट, त्यामुळे आता श्रीलंकाच. नवऱ्याला पासिकुडाचे फोटो दाखवले, लगेच हो म्हणाला, सिगिरियाचं (उंच खडकावरचा प्राचीन किल्ला) अजून बोललेच नाहीये. ते वाटेत बसेल का? आणि धाकटा चढेल का?

खारेवारे: आरामात बसतं. विमानतळावरून कोलंबोत न शिरता थेट सिगिरियाकडे निघा, व्हॅनने चारेक तास, एक मुक्काम करून पुढे त्रिंकोमाली. पासिकुडाला गेलात तर जरा जास्त ड्राइव्ह. पायऱ्या बाराशेच्या आसपास, वर लोखंडी जिने, उन्हाच्या आधी चढायला सुरुवात करा. नऊवाली चढेल, धाकट्याला साबा आणि नवऱ्याबरोबर खालच्या बागेत सोडा, तिथेही बघण्यासारखं आहे. शेजारच्या पिदुरंगला खडकाचं कुणी सुचवलं तर मुलांना नेऊ नका, शेवटी मोठ्या दगडांवरून सरपटत चढावं लागतं.