‘ब्रेकर बॉय’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : अमेरिकी चित्रांतल्या कामगारांवरचा एक सचित्र लेख मराठीत आणतेय. तीन ठिकाणी अडलेय. टॉमस आन्शुट्झच्या १८८० सालच्या ‘द आयर्नवर्कर्स नूनटाइम’ला मी ‘लोहारांची दुपार’ केलंय. कानाला बरं लागत नाही. ‘ब्रेकर बॉईज’ म्हणजे ‘कोळसा फोडणारी मुलं’, बरोबर ना? आणि बेन शानचं ‘मायनर्स वाइव्ह्ज’ खाणीतल्या दुर्घटनेवरचं आहे, म्हणून ‘खाणकामगारांच्या विधवा’ चालेल का? बाकी सगळीकडे ‘श्रमिक’ वापरलाय.

उत्तर : ताई, मधल्यापासून सुरू करतो, कारण तिथे सरळसरळ चूक आहे. ब्रेकर हा माणूस नव्हे, इमारत. पेनसिल्व्हेनियातल्या खाणींचा कोळसा त्या उंच इमारतीत नेऊन यंत्रांनी फोडत आणि चाळत. तो उतरत्या पन्हळींतून घरंगळत यायचा आणि वर आडव्या फळ्यांवर बसलेली पोरं त्यातले पाटीचे दगड वेचून काढायची. छायाचित्रकार लुइस हाइनने जानेवारी १९११ मध्ये साउथ पिट्स्टनला काढलेले फोटो पाहा : रांगेने वाकलेल्या पाठी, काळी पडलेली तोंडं. आपल्याकडे तांदूळ निवडतात तसा ही पोरं कोळसा निवडत होती. तेव्हा ‘कोळसा निवडणारी पोरं’. आणि ‘पोरं’च म्हणा, ‘मुलं’ म्हटलं की दप्तर दिसायला लागतं.

आता ‘लोहार’. लोहार म्हटलं की भाता, ऐरण आणि गावच्या वेशीजवळची शाळ. आन्शुट्झचे लोक व्हीलिंगच्या खिळ्यांच्या कारखान्यातले. वेस्ट व्हर्जिनियातलं ते गाव खिळ्यांसाठीच प्रसिद्ध होतं. शिवाय चित्रात कोणी काम करतच नाही. उघड्या अंगाची माणसं पंपाखाली तोंड धुतायत, कोणी दंड चोळतोय, पोरं झोंबाझोंबी करतायत. म्हणून ‘श्रमिक’ इथे अगदीच नको. श्रम नाहीत तेवढ्याच वेळाचं तर चित्र आहे. (पुढे एका साबणाच्या जाहिरातीसाठीही ते वापरलं गेलं. धुणारे गडी आयतेच मिळाले!) ‘लोखंड-कामगारांची दुपारची सुट्टी’ करा. ‘मधली सुट्टी’ शाळेला राहू द्या.

‘श्रम’ हवेच असतील तर जॉन फर्ग्युसन विअरच्या ‘फोर्जिंग द शाफ्ट’ला ठेवा. लालभडक दांडा भट्टीतून ओढणारे गडी. मूळ चित्र १८६९ मध्ये आगीत गेलं, विअरने ते पुन्हा रंगवलं.

दुसरं उत्तर : मी विदर्भातल्या वणीकडची, कोळसा-वसाहतीत वाढलेली. आमच्याकडे ‘खाण’ पुस्तकात, तोंडात ‘खदान’. वडील ‘खदानीत’ जात, पाळी बदलली की घराची झोपच बदले. लेखात ‘खाण’ ठीक आहे, पण पहिल्यांदा येताना ‘दगडी कोळसा’ लिहा. नुसत्या ‘कोळशा’ने आजही कित्येकांना लाकडाचा लोणारी कोळसा आठवतो, आणि चित्रांवरच्या लेखात तर आणखी घोटाळा, कारण चित्रकार त्याच जळक्या काडीने रेखाटनं करतात.

‘विधवा’ मात्र करू नका, ही विनंती. इलिनॉयमधल्या सेंट्रेलियाच्या पाच नंबर खाणीत २५ मार्च १९४७ला स्फोट झाला, १११ माणसं गेली. शानच्या चित्रातली बाई हात एकमेकांत गुंतवून समोर उभी आहे, मागे विटांची भिंत, एक म्हातारी मूल घेऊन बसलेली, वर खाणकामगारांचे कपडे टांगलेले. कामाला जाताना खाणीवरच्या अंघोळीच्या खोलीत घरचे कपडे असे वर ओढून ठेवायचे. ते कपडे खाली उतरायचे आहेत की नाही, हेच तिला कळायचंय. चित्रकाराने तिला ‘वाइफ’ म्हटलंय, आपण घाईने तिचं कुंकू का पुसायचं? ‘खाणकामगारांच्या बायका’. ‘पत्नी’ सुद्धा नको, तो निमंत्रणपत्रिकेतला शब्द.

प्रश्नकर्ती : पटलं. ‘विधवा’ काढला. आता शेवटचा खडा : चार्ल्स शीलरचं १९३०चं ‘अमेरिकन लँडस्केप’. ‘अमेरिकी निसर्गचित्र’ लिहिलं, पण चित्रात फोर्डचा रिव्हर रूज कारखाना आहे! कालवा, रूळ, धुराडं. झाड औषधालाही नाही.

उत्तर : मग तेच ठेवा. शीलरने शीर्षकातच चिमटा काढलाय. ‘भूदृश्य’ केलं तर तो बोथट होईल. ‘निसर्गचित्र’ वाचून वाचक निसर्ग शोधेल, आणि त्याला सापडेल एक माणूस, रुळांवर, मुंगीएवढा. त्याला कामगार म्हणायचं का? माझ्याच्याने ठरत नाही.

दुसरं उत्तर : पाळीवरचाच असेल. एवढ्या मोकळ्या रुळांवर दुसरं कोण फिरतं?