विषय: सहलीची कोळंबी, यंदा रबर नको

प्रेषक: सहल समिती
शुक्रवार, रात्री

नमस्कार मंडळी,

४ जुलैच्या सहलीला यंदाही ग्रिल आपल्याकडेच आहे. गेल्या वर्षी कणसं आणि पनीर संपलं, कोळंबी मात्र डब्यातून परत आली. का आली ते सगळ्यांनी तोंडावर सांगून झालंय, त्यामुळे त्यावर आता नवीन मेल नकोत. चांगली मुरावी म्हणून आदल्या रात्रीच लिंबू-मसाला लावून ठेवली होती, कष्टात कसूर नव्हती.

यंदा माणसं ६०, त्यातली कोळंबी खाणारी ३५ धरली आहेत. घाऊक दुकानातली गोठवलेलीच आणावी लागेल. ऐरोलीच्या काकू सध्या तिकडे, नवी मुंबईत ऐरोलीला आहेत. काकू, समुद्रकाठी बसून आम्हाला जळवू नका, फक्त कृती पाठवा.

– सहल समिती


प्रेषक: ऐरोलीच्या काकू
शनिवार, इथली सकाळ

अरे, समुद्रकाठ कुठला, खाडीकाठ आहे हा. आणि जळवण्यासारखं सध्या काहीही नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, फक्त बिनइंजिनाच्या लहान होड्या जातात. तरी हौस म्हणून परवा लोकलने बेलापूरला उतरून दिवाळे गावच्या मासळी बाजारात गेले. ताजी म्हणून काय मिळाली, तर खाडीची करंदी, नखाएवढी, वाट्यावर. कालवणाला अमृत, पण ग्रिलवर टाकली तर जाळीतून थेट निखाऱ्यात. मोठी होती ती सगळी बर्फातली, तळ्यात वाढवलेली वनामी. म्हणजे तुमच्या दुकानातल्या पिशवीत असते तीच! मूळची पॅसिफिककाठची; आपल्याकडे तिची शेती रीतसर सुरू झाली २००९च्या सुमारास, आता आंध्रात सगळ्यात जास्त होते आणि तिथून गोठून तुमच्याकडे जाते. तेव्हा ‘काकूंना ताजी मिळते’ ही सबब या वेळी चालणार नाही.

आता गेल्या वर्षीचं रबर. मीही इथे आल्या आल्या तेच केलं, सकाळी लिंबू पिळून ठेवलं आणि संध्याकाळी भाजायला घेतली. सुनेने एक तुकडा चावला, दुसरा चावला आणि विचारलं, “आई, ही शिजल्यावर परत शिजवली का?” नेमकं तेच झालं होतं. लिंबाच्या आंबटाने कोळंबीचं मांस विस्तवाशिवायच पांढरं पडतं, आक्रसतं. दक्षिण अमेरिकेत सेविचे करतात ते याच जोरावर. तशी आंबटात आवळून गेलेली कोळंबी वर जाळावर धरली की रबर होणारच.

दिवा कोळीवाड्यातून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना हे सांगितलं तर त्या हसल्या. “आंबट नंतर गो, आधी नाय.” एवढंच. मी तीस वर्षं उलट करत आले.

तर असं करा. पिशवी आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली ठेवून द्या. विसरलात तर गार पाण्यात, पिशवी बंद ठेवून. गरम पाण्यात अजिबात नाही. मग सोला, पाठीवरचा काळा धागा काढा. घरी चार माणसांत मी पाठ कात्रीने चिरून सालीसकटच भाजते, रस आत राहतो. सहलीत मुलं आणि कागदी ताटल्या, तेव्हा शेपटी ठेवून सोललेली बरी.

आता जी पायरी सगळे गाळतात ती. दोन पाउंडांना चहाचे दोन सपाट चमचे मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा चोळून अर्धा तास फ्रीजमध्ये. सोड्याने कोळंबी करकरीत राहते आणि पाणी धरून ठेवते. मग फडक्याने किंवा कागदाने अगदी कोरडी टिपा. गोठवलेल्या कोळंबीला बरेचदा पाणी धरणारी फॉस्फेटं लावलेली असतात, ते पाणी ग्रिलवर सुटलं की कोळंबी भाजत नाही, उकडते. पिशवीवर काय लिहिलंय ते वाचा. नुसती कोळंबी आणि मीठ असेल ती घ्या. त्यात आधीच मीठ असेल तर माझ्या मापातलं निम्मं करा.

वाटण आपलं हिरवंच. दोन पाउंडांना लसणीच्या १२-१५ पाकळ्या, इंचभर आलं, चार हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर. पाणी न घालता, तेलावर वाटायचं. त्यात हळद आणि दोन चमचे आगरी-कोळी मसाला. लसूण जाडसर राहिली तर जळून कडू होते, म्हणून बारीक. हे लावून अर्धा तास पुष्कळ झाला.

आंबट ग्रिलवरून उतरवताना. मी लिंबाऐवजी कोकमाचं आगळ ब्रशने फिरवते. आगळात मीठ असतं, चाखून घ्या.

इथे फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी नाही. गॅलरीत एकदा पेटवली तर वरच्या मजल्यावरून निरोप आला, आणि निरोप बरोबर होता. (दारं लावून घरात तर कोळसा कधीच पेटवू नका, त्या वायूला वासही नसतो.) बिडाचा तवा धुरावेपर्यंत तापवून, एका वेळी आठ-दहाच टाकायच्या. गर्दी केली की परत उकडणं.

– काकू, मुक्काम ऑगस्टपर्यंत


प्रेषक: चेंदणीचे काका
शनिवार, दुपार

वहिनी, सगळं मान्य, पण ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याच्या मागे माझं बालपण गेलं, म्हणून दोन शब्द. मऊपणासाठी कच्ची पपई का नाही? कबाबाला लावतातच की. आणि तंदुरी कोळंबी दह्यात रात्रभर ठेवतात, ती कुठे रबर होते?

बाकी आगळ इथे मिळतं, पण बाटलीचा रंग पाहून घ्या. काही ठिकाणी साखर घातलेलं सरबतच आगळ म्हणून ठेवलेलं असतं. आमच्याकडे एकदा जावयाला गोड सोलकढी गेली.

– काका


प्रेषक: ऐरोलीच्या काकू
रविवार, सकाळ

भाऊजी, पपई मटणाला. तिच्यातला पाचक रस चिवट मांस फोडतो. कोळंबीत फोडायला चिवट असं काही नाहीच, तासाभरात वरून पिठासारखी होते. मी करून पाहिलंय, पाहुण्यांसमोर.

दह्याचं आंबट लिंबाइतकं कडक नसतं, म्हणून ते पोटात घालता येतं. पण रात्रभर कशाला? चक्का बांधून घ्या, तासभर लावा. शिवाय दही ओलं, जाळीला चिकटतं. जाळीवर आधी अर्धा कांदा काट्याला खोचून तेलात बुडवून फिरवा, मग काहीच चिकटणार नाही.

आणि चेंदणीचं म्हणाल तर तुम्ही मागे राहत होतात. पुढे राहणाऱ्यांनी दही घातल्याचं मी ऐकलेलं नाही.


प्रेषक: सहल समिती
रविवार, रात्री

काकू, हिशोब पाहा. पाउंडाला १६ ते २० बसतात तो आकार घेतोय. ३५ माणसं, प्रत्येकी सहा, म्हणजे २१०. सरासरी १८ धरून १२ पाउंड, दोन-दोनच्या सहा पिशव्या. बरोबर ना? किती वेळ भाजायची? शाकाहारी मंडळींचं काय?


प्रेषक: एक शाकाहारी सभासद
रविवार, रात्री

आमचं एवढंच की जाळी वेगळी, चिमटाही वेगळा. गेल्या वर्षी पनीरला कोळंबीचा मसाला लागला होता. मला आवडला, पण सासूबाईंना सांगितलेलं नाही. आणि आमच्या धाकट्याला कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे, तेव्हा कोळंबीच्या ताटावर मोठ्या अक्षरात पाटी लावा.


प्रेषक: ऐरोलीच्या काकू
सोमवार, सकाळ

चिमट्याला लाल दोरा बांधा, तो कोळंबीचा. धाकट्याचं ताट आधी, वेगळ्या जाळीवरून, आणि त्याच्यासाठी वाढणाऱ्याने हात धुऊन.

हिशोब बरोबर, पण एक पिशवी जास्त घ्या. सहावर थांबणारी माणसं मी अजून पाहिलेली नाहीत.

बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा. प्रत्येक ओळीला दोन काड्या, समांतर. एकाच काडीवर कोळंबी गरगर फिरते आणि उलटताना कच्ची बाजू परत वरच राहते. जाळ मोठा, त्या आकाराला एका बाजूने दोन मिनिटं, फार तर तीन. राखाडी जाऊन केशरी आली, मांस दुधी झालं आणि अर्धचंद्रासारखी वळली की उचला. पूर्ण वेटोळं झालं तर उशीर झाला. थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश सेल्सिअस.

कच्ची कोळंबी बर्फाच्या पेटीतच ठेवा, लागेल तेवढीच बाहेर. तिथे ३२ अंशांच्या वर गेलं तर बाहेर एक तासाहून जास्त काहीही ठेवायचं नाही. कच्च्याला लावलेलं उरलेलं वाटण भाजलेल्यावर ओतू नका. ओतायचंच असेल तर आधी खळखळून उकळा.

आणि शुक्रवारी सोलाल तेव्हा टरफलं फेकू नका. तेलात लाल होईपर्यंत परतून, पाणी घालून वीस मिनिटं उकळा, गाळा, बाटलीत भरून गोठवा. सात पिशव्यांच्या टरफलांचं पाणी म्हणजे गणपतीनंतरच्या कालवणाची सोय. मी परत येईन तेव्हा एक बाटली माझी.

– काकू