वंशवादाच्या सिद्धान्तांची तुलना नेमकी कशी मांडायची?

काठावरचा
अमेरिकेतल्या वंशवादावरच्या तीन मांडण्या घेतल्या आहेत: ऑलपोर्ट (१९५४) यांची पूर्वग्रहाची, ओमी-विनंट (१९८६) यांची वंशघडणीची (वंशाचे कप्पे समाजात कसे पाडले जातात) आणि बोनिया-सिल्वा (१९९७) यांची संरचनात्मक (वंशवाद समाजातल्या वंशांच्या उतरंडीतच असतो). व्याख्या शेजारी शेजारी ठेवल्या की तीन सुटे सारांश होतात, तुलना होत नाही. वंशाला जीवशास्त्राचा आधार नाही म्हटल्यावर वाद उरतो तरी कुठे?

तळटीप
व्याख्या बाजूला ठेवा. एकच पुरावा घेऊन तिघांना प्रश्न विचारा. डीव्हा पेजर यांचा मिल्वॉकीतला प्रयोग (२००३) त्यासाठी उत्तम. सारख्या पात्रतेचे तरुण नोकरी मागायला पाठवले होते. पुढचं बोलावणं किती अर्जांवर आलं ते पाहा. गुन्ह्याची नोंद नसलेला गोरा ३४ टक्के, नोंद असलेला गोरा १७. काळा, नोंद नसतानाही १४. नोंद असेल तर ५.

ऑलपोर्ट यांची नजर मालकाच्या मनातल्या साच्यावर जाईल. उपाय संपर्काचा, पण अटींसह: समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा. या अटी गाळून 'एकत्र आले की पूर्वग्रह जातो' असं लिहिणं ही फार मोठी चूक, आणि ती सर्रास होते. बोनिया-सिल्वा यांच्या मांडणीत मालकाच्या मनात द्वेष सापडलाच पाहिजे असं नाही. उतरंडीचा लाभ कुणाला मिळतो, हा तिथला प्रश्न.

मीमांसक
वंशघडणीला मात्र हा प्रयोग पुरणार नाही. त्यात 'गोरा' आणि 'काळा' हे कप्पे आधीच ठरलेले आहेत. ओमी-विनंट विचारतात, कप्पे पाडले कुणी? इथे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल वापरा. नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा यांना नागरिकत्व नाकारलं, कारण गोरा म्हणजे कॉकेशियन (तेव्हाच्या शास्त्रीय वर्गीकरणातला एक वंश) आणि जपानी माणूस कॉकेशियन नाही. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांचा दावा होता की शास्त्राप्रमाणे आपण कॉकेशियनच. त्याच न्यायालयाने आता शास्त्र सोडलं आणि सामान्य माणसाची समजूत प्रमाण धरली. तीन महिन्यांत कसोटी बदलली, नकार तसाच राहिला. वाद इथे उरतो: आधार नसलेला कप्पा इतका टिकतो कसा, यावर.

काठावरचा
हे पटलं. पण उत्पन्न, शिक्षण, पत्ता सारखा धरला की आकडेवारीत वंशाचा परिणाम घटतो. मग संरचनात्मक बाजू लंगडी पडत नाही का?

तळटीप
नाही, कारण पत्ता हाच मुळात परिणाम आहे. १९३० च्या दशकात संघराज्य सरकारच्या गृहकर्ज संस्थेच्या नकाशांत काळ्यांच्या वस्त्या लाल रंगात, 'धोकादायक' म्हणून दाखवल्या गेल्या. घरांच्या व्यवहारातल्या भेदभावाला संघराज्याच्या कायद्याने बंदी घातली ती १९६८ साली. पत्ता स्थिर धरलात की नेमका हा इतिहास गणितातून वजा होतो. दोन्ही तक्ते द्या, पत्त्याशिवायचा आणि पत्त्यासह. मधल्या फरकाखाली 'वंशाचा संबंध नाही' असं लिहू नका. वंशाचा परिणाम पत्त्याच्या वाटेने किती आला असेल, हे तिथे तपासायचं असतं.