मदत हवी आहे: कॅरव्हॅननं कच्छचं रण, सोबत मुधोळ कुत्रा आणि मांजर

नमस्कार मंडळी,

रंगपंचमी झाली की कोल्हापुरातून कच्छला निघायचं ठरतंय. मी, बायको, आई, चित्त्या आणि मनी. पुण्यात भाड्यानं कॅरव्हॅन मिळतेय: दोन बेड, शेगडी, संडास, छताला पंखा. भुजपर्यंत साधारण १२०० किलोमीटर, वाटेत दोन मुक्काम. प्रवासाची काळजी नाही, पोचल्यावरची आहे.

चित्त्या मुधोळ, आमच्याकडं कारवानी म्हणतात. म्हणजे कॅरव्हॅनमध्ये कारवान! (हा विनोद घरात रोज होतो.) ही जात नजरेवर शिकार करणारी. लांब काही पळताना दिसलं की मग हाक कानात शिरत नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याला एकदा सशामागं सुटला तो दीड तासानं आला, पायात काटे भरवून. रणात तर नजर पोचेल तिथवर सगळं मोकळंच. म्हणून रानगाढवांचं छोटं रण आधीच रद्द केलं. ते अभयारण्य आहे, उगाच खेळ नको.

राहिलं धोरडोचं पांढरं रण आणि काळो डुंगर. आई दर पौर्णिमेला नरसोबावाडीला जाणारी. काळो डुंगरच्या दत्तमंदिरात कोल्ह्यांना भाताचा प्रसाद घालतात हे कळल्यापासून ती दुसरं काही ऐकतच नाही. आता कोल्हे आणि मुधोळ एकाच डोंगरावर, काय होईल ते तुम्हीच सांगा. गाडीत ठेवावा, तर मार्चचं ऊन आणि इंजिन बंद म्हणजे एसी बंद. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, मुख्यतः धापेवरच अंग थंड करतो; बंद पत्र्यात थोड्या वेळात जिवावर बेतेल. सध्याचा बेत असा: संध्याकाळच्या प्रसादाला जायचं, मी चित्त्याला घेऊन खालीच थांबायचं. म्हणजे डुंगर मला दिसणार नाही. असो.

जाऊन आलेल्यांनी एवढं सांगा. होडको-धोरडोकडं एखाद्या भूंग्याच्या (तिथली गोल मातीची घरं) अंगणात कॅरव्हॅन लावू देतात का, आणि एसी चालेल एवढी लाइट मिळते का? सगळं त्याच्यावर अडलंय. पाणी भुजमध्येच भरून घेऊ. भिरंडियाऱ्याला रणात जायचं परमिट काढताना कुत्र्यामांजराबद्दल काही विचारतात का? रेबीजच्या लसीचं पुस्तक सोबत असेलच. आणि मिठावर पंजे सोलले तर काय लावता? तो चाटणार, मग उलट्या. बूट आणलेत, पण घातले की पठ्ठ्या पुतळ्यागत उभा राहतो.

मनीचं काही नाही. ती बेडवर लोळत आम्हाला नावं ठेवेल.

बायको म्हणते, चित्त्याला कागलला मेव्हण्याकडं ठेवा. मागच्या वेळी ठेवला तर तीन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही त्यानं. रविवारी गाडीवाल्याला ॲडव्हान्स द्यायचाय, त्याआधी कुणीतरी बोला राव.