कूर्चेची झीज आणि पेशींचे संदेश

प्रश्न (सोलापूर): माझ्या आईने तीस वर्षे मांडी घालून विड्या वळल्या. आता डॉक्टर म्हणतात, गुडघ्यातील गादी, म्हणजे कूर्चा, झिजली. ही झीज चपलेच्या तळव्यासारखीच असेल, तर संशोधक कूर्चेतील पेशींच्या संदेशवहनाचा अभ्यास कशासाठी करतात?

उत्तर १: चपलेची उपमा सोयीची असली, तरी ती दिशाभूल करते, कारण कूर्चा हे जिवंत ऊतक आहे. तिच्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू नसतात; कॉन्ड्रोसाइट या विरळ पेशीच तिची देखभाल करतात. पिएझो-१ सारख्या प्रथिनांमार्फत त्यांना दाब जाणवतो. इंटरल्यूकिन-१ सारखा दाहाचा संदेश आला, की एनएफ-कप्पा-बी हा पेशीतील संदेशमार्ग जागा होतो आणि त्याच पेशी कोलॅजन (कूर्चेचे तंतुमय प्रथिन) तोडणारे एमएमपी-१३ व अ‍ॅग्रिकन (कूर्चेत पाणी धरून ठेवणारे प्रथिन) तोडणारे अ‍ॅडॅम्टीएस-५ ही विकरे (एन्झाइम) अधिक प्रमाणात बनवू लागतात. म्हणजे राखणदारच भिंत पाडू लागतो. अ‍ॅडॅम्टीएस-५ निष्क्रिय केलेल्या उंदरांची कूर्चा बरीच सुरक्षित राहिल्याचे 2005 मध्ये दिसले, आणि माझ्या मते या विषयातील तो मोलाचा पुरावा आहे.

प्रश्नकर्ता: मग त्यावर औषध का नाही?

उत्तर २: हेच संदेश शरीरात अन्यत्र उपयोगी कामे करतात, त्यामुळे ते सरसकट बंद करता येत नाहीत, शिवाय दाट कूर्चेत औषध पोहोचणे आणि टिकणेही कठीण असते. तोवर आईंना मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकवून घ्या, आणि विड्या वळण्याचे सूप मांडीऐवजी टेबलावर ठेवून त्यांना खुर्चीवर बसू द्या.