तांब्या कलंडतो, पेटी फाकते: चुकलेले पान पुन्हा काढावे की पुढे जावे?

पेन्सिलवाला, सातारा

नमस्कार. शाळेत असताना शासकीय रेखाकला परीक्षेतील एलिमेंटरी ‘ब’ श्रेणीत उत्तीर्ण झालो होतो. त्यानंतर ३१ वर्षे पेन्सिल केवळ हिशेबापुरती हातात घेतली. दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात केली आहे. रोज रात्री जेवणानंतर पाऊण तास बसतो आणि एक पान सरळ रेषा, एक पान लंबवर्तुळे व एक पान हवेत तरंगणाऱ्या पेट्या असे बॉलपेनने काढतो, जेणेकरून खोडण्याचा मोह होऊ नये. रेषा बऱ्या येऊ लागल्या आहेत, परंतु पेटी मागच्या बाजूला रुंद होते आणि तांब्या काढला तर तो टेबलावर बसत नाही. घरच्यांना काहीही दाखवले तरी ते ‘छान आहे’ म्हणतात. पूर्वी एका वर्गाला जात असे, तेथील शिक्षक पेन्सिल काढून घेऊन माझे चित्र स्वतःच दुरुस्त करीत, त्यामुळे माझे नेमके काय चुकले हे कधी कळलेच नाही. तीन पानांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. चुकलेली पाने पुन्हा काढावीत की पुढे जावे?

निवृत्त कलाशिक्षक, सांगली

पाने पाहिली. लांब रेषा शेवटाकडे खाली वाकते, याचा अर्थ मनगट फिरते आहे. हात खांद्यातून हलवा आणि पेन टेकवण्यापूर्वी कागदाच्या वर हवेतच दोन-तीन फेऱ्या मारून घ्या. रेषांविषयी एवढे पुरे.

तांब्याविषयी सविस्तर लिहितो, कारण वस्तुचित्राच्या तयारीत मुलांची हीच चूक मी वर्षानुवर्षे पाहिली आहे. आपण तोंडाचे लंबवर्तुळ चांगले फुगीर काढले आणि बुडाला मात्र सरळ रेघ ओढली, कारण टेबल सपाट आहे हे आपल्याला ठाऊक आहे. प्रत्यक्षात आडवे वर्तुळ डोळ्यांच्या पातळीवर असेल तर नुसती रेघ दिसते आणि त्या पातळीच्या जसजसे खाली जाईल तसतसे ते उघडत जाते. म्हणून समोर खाली ठेवलेल्या तांब्याच्या बुडाचा बाक तोंडापेक्षा अधिक गोलसर हवा. बुडाचा झाकलेला भागही आरपार काढा, म्हणजे बाक फसत नाही. शिवाय लंबवर्तुळाचा लांब अक्ष तांब्याच्या मध्यरेषेशी काटकोनात असला पाहिजे. आपला अक्ष उजवीकडे उतरला आहे आणि तांब्या त्यामुळेच कलंडतो.

पेट्या तपासायला माझीही गरज नाही. पेटीच्या १२ कडा म्हणजे चार-चार समांतर कडांचे तीन गट. लाल पेनने त्या मागच्या दिशेने वाढवा. तरंगत्या पेटीत प्रत्येक गटातील चारही रेषा दूर जाताना एकमेकींकडे झुकल्या पाहिजेत. आपल्या बहुतेक पेट्यांत त्या फाकतात. पान पुन्हा काढू नका. कोणता गट फाकला ते कोपऱ्यात लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी केवळ त्याच गटाकडे लक्ष द्या.

मेणवलीकर

सरांच्या ‘पान पुन्हा काढू नका’ या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत नाही. हात चुकला असेल तर पुढे जावे, पण समज चुकली असेल, जशी बुडाच्या सरळ रेघेत चुकली आहे, तर तेवढे एक पान पुन्हा काढल्याशिवाय ती समज पक्की होत नाही. नंतर एखाद्या रविवारी वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर या. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यानंतर इकडे आलेली मोठी घंटा येथे आहे. तिच्याजवळ खाली बसून तोंडाचे लंबवर्तुळ काढून पाहा. डोळ्यांच्या पातळीच्या वर गेलेल्या वर्तुळाचा आपल्याकडचा बाक उलटा, म्हणजे वरच्या बाजूला असतो, हे तांब्यावरून कधीच शिकता येत नाही.

औंधची वाट

दोघांचेही पटले. मी एवढेच सुचवीन की चित्र दाखवताना ‘कसे वाटले?’ असे विचारू नये. त्याला ‘छान’ हेच उत्तर मिळते, त्यात घरच्यांचा दोष नाही. ‘बुडाचा बाक पुरेसा आहे का?’ असे विचारावे. आमच्या औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्कारांचे मोठे प्रचारकही. रोजचा नमस्कार चुकीच्या पद्धतीने घातला तर तीच चूक अंगात मुरते, आणि रेषेचेही तसेच आहे. म्हणून आठवड्यातून एकदा तरी पान दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जावे.

पेन्सिलवाला, सातारा

सर्वांचे आभार. काल १० पेट्यांवर लाल रेषा ओढल्या. सहांमध्ये डावीकडे मागे जाणारा गटच फाकला होता. उजवीकडचा जवळपास बरोबर होता. तांब्याचे पान मेणवलीकरांच्या सल्ल्याने पुन्हा काढले आणि तो प्रथमच टेकला. सर, एक शंका आहे: उभ्या कडांचा गट मी समांतरच ठेवतो, ते चालेल का?

निवृत्त कलाशिक्षक, सांगली

आपण सरळ समोर पाहत आहात तोवर चालेल. पेटीकडे वरून खाली पाहिले की उभ्या कडाही खालच्या बाजूला जवळ येऊ लागतात. पुढच्या आठवड्यात केवळ अशाच १० पेट्या काढा आणि लाल रेषांसह येथे टाका.